पूर्वजांच्या घरातली चूल

आई गेल्यानंतरच्या वर्षी बाबा आमच्याकडे आयर्लंडमधल्या एनिसला राहायला आले. दिवस उन्हाळ्याचे म्हणायचे इतकंच. अंगातला स्वेटर त्यांनी एकदाही उतरवला नाही. मी इथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मी ड्यूटीवर गेले की ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. साताऱ्याकडचे, जन्मभर एसटी चालवलेली. आईबद्दल ते एक अक्षर बोलत नव्हते आणि मीही विचारत नव्हते. विमान मिळून मी गावी पोचेपर्यंत तिचं सगळं उरकलं होतं. तेव्हापासून हा विषय आम्हा दोघांत बंदच होता.

एका रविवारी सुट्टी होती म्हणून त्यांना एक जुनं घर दाखवायला नेलं. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षांचे पूर्वज त्या घरातून निघून बोटीनं अमेरिकेला गेले होते. आता तिथे म्युझियम आहे. वाटभर पाऊस. बाबा शेजारच्या सीटवरून प्रत्येक वळणाला पायानं नसलेला ब्रेक दाबत होते.

"राष्ट्राध्यक्षाचं घर म्हणजे मोठा बंगला असंल," ते म्हणाले.

बंगला कुठला! दगडी भिंतींचं, बुटक्या दाराचं शेतघर. आत खोल चूल, तिच्यावर साखळीला टांगलेलं लोखंडी भांडं. दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या, वड्या धुमसत होत्या. बाबा सरळ चुलीशी गेले आणि हात शेकत उभे राहिले. अशा पावसात आमच्याशिवाय कोणीच आलेलं नव्हतं. माहिती सांगणारी बाई साठीची असेल. ती हळू, समजावून बोलत होती आणि मी बाबांना मराठीत सांगत होते.

ती म्हणाली, मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघाली की आदल्या रात्री शेजारीपाजारी याच चुलीभोवती जमायचे. जसे मयताच्या घरी जमतात तसेच. कारण गेलेलं माणूस पुन्हा दिसायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. गाणी म्हणायचे, नाचायचे आणि पहाटे आई हंबरडा फोडायची. जिवंत लेकराचं मयतच ते.

मी बाबांना म्हटलं, "निरोपाचा कार्यक्रम करायचे, म्हणते."

"ती एवढं बोलली आन् तू दोन शब्दांत उरकलंस?"

मग सगळं सांगितलं. बाबा चुलीकडे बघत राहिले.

"तुला विमानतळावर सोडून आम्ही घरी आलो ना," ते म्हणाले, "तुझी आई उंबऱ्यातच बसली. चूल पेटवली न्हाई. शेजारची म्हातारी बघून गेली आन् सांजच्याला पिठलं-भाकरी घेऊन आली."

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही. तिथे शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात.

"म्हातारीच्या मनात तसलं काय नव्हतं. पण तुझी आई ताडकन उठली. म्हणाली, माझी पोर जिती हाय, दवाखान्यात नोकरीला गेलीय. न्या ते माघारी! आन् लगेच शिरा करायला घेतला. साऱ्या आळीत वाटला."

"आणि तिने?"

"तिनं खाल्ला न्हाई. मला समोर बसवून खायला लावला. सगळे गेल्यावर रडली."

बाईनं हलकेच विचारलं, ते बरे आहेत ना? मी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं. आई आता नाही, हेही. तिनं पुढे होऊन बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला. "सॉरी फॉर युअर ट्रबल," म्हणाली. इथे मयताला गेलं की घरच्यांना हेच म्हणतात. मग माझाही हात घेतला. आईसाठी असा हात माझा कोणी धरलाच नव्हता.

"आई गेल्याचं सांगितलंस व्हय हिला?"

"हो."

"बरं केलंस." त्यांनी पुन्हा चुलीकडे हात धरले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला थांबायचं होतं गं. लेक येतीय म्हणून दुपारपतुर तिला उचलू दिलं नव्हतं. ऊन मरणाचं. लोक ऐकंनात. तू आलीस आन् मला तुझ्याकडं बघवंना."

म्हणजे वर्षभर हे त्यांच्या मनात होतं. आणि मला वाटत होतं, उशिरा आले म्हणून ते माझ्यावर रागावलेत.

"तुम्ही केलंत ते बरोबरच होतं, बाबा," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले.

गाडीत बसल्यावर मी पहिल्यांदाच विचारलं, "शेवटी आई काय बोलत होती?" बाबा बोलू लागले. तिचा खोकला, तिनं डॉक्टरशी घातलेला वाद, माझा फोन यायच्या आधी केस विंचरायचा हट्ट. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. एकदा मला रस्ता दिसेना, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. ते बोलायचे थांबले, मला सावरू दिलं आणि मग पुढे सांगू लागले. घरासमोर पोचलो तरी आम्ही उतरलो नाही. शेवटच्या आठवड्याचं अजून सांगायचं राहिलं होतं.