लिमयेचे एका वजनाचे बाण

आमच्या फ्लॅटमध्ये तीन गोष्टी आपोआप साठायच्या: दह्याचे रिकामे डबे, किल्ली हरवलेली सायकलची कुलपं आणि लिमयेचे किस्से. डबे आणि कुलपं फ्लॅट सोडताना टाकून दिली. किस्से राहिले. हॉलंडमधल्या रायस्वाइकची त्या वेळची मंडळी अजून कुठे भेटली की पानं वाढायच्या आधी कुणीतरी म्हणतंच, "मिलिंद, लिमयेचा एखादा होऊन जाऊ दे." एखाद्यावर भागत नाही, हीच तर अडचण आहे.

लिमये पुण्याचा, मी औरंगाबादचा. कंपनी एक, फ्लॅट एक. तो टेस्टिंगला, मी डेव्हलपमेंटला. म्हणजे मी काम करायचं आणि त्याने त्यातल्या चुका काढायच्या. घरी आल्यावर वरणाच्या बाबतीतही हीच पद्धत होती.

ऑफिसने एकदा टीम-बिल्डिंग म्हणून आम्हाला डेल्फ्टजवळच्या एका तिरंदाजी क्लबवर नेलं. वाऱ्याने सगळ्यांचेच बाण भरकटत होते. लोक हसत होते, बिअर पीत होते. लिमयेचा बाण निशाणाच्या डोक्यावरून पलीकडच्या कालव्यात गेला. तिथे दोन बदकं होती, ती उडाली. लिमये अजिबात हसला नाही. त्याने दुसरा बाण हातात घेतला, डोळ्यासमोर धरून फिरवला आणि म्हणाला, "प्रॉब्लेम बाणात आहे."

क्लबचा कोच हेंक, एक निवृत्त पोस्टमन, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. त्याने तो बाण घेतला, बघितला, परत दिला. "बाण सरळ आहे," तो म्हणाला. "तू वाकडा उभा आहेस."

दुसरा कुणी असता तर परत फिरकला नसता. लिमयेने त्याच संध्याकाळी मेंबरशिप घेतली. त्याच्यामागे फरपटत मीही.

०

आता यात गंमत काय, ती कळायला एक गोष्ट माहीत हवी. लिमयेचं काँट्रॅक्ट ऑगस्टअखेर संपत होतं आणि पुढे वाढणार नव्हतं. परमिट काँट्रॅक्टला बांधलेलं, त्यामुळे सप्टेंबरात पुणे. क्लबची तिघांची टीम दर उन्हाळ्यात सत्तर मीटरच्या मोठ्या मॅचला जायची. हेंक आणि मारीके नावाची एक बाई, या दोन जागा ठरलेल्या. तिसऱ्या जागेसाठी जुलैत निवड व्हायची. लिमयेला ती जागा हवी होती.

एकदा भांडी घासता घासता मी विचारलं, "लिम्या, एवढं काय आहे त्यात?"

तो म्हणाला, "शाळेत मी प्रत्येक मॅचला होतो. स्कोअर लिहायला. अक्षर चांगलं होतं ना माझं. एकदा तरी आत खेळायचंय यार."

मला एकदम वाईट वाटलं. त्या दिवशी मी त्याला वरणाबद्दल काहीही बोलू दिलं.

०

मग बाण बनवायला सुरुवात झाली. विकतचे बाण लिमयेला मंजूर नव्हते. त्याने कार्बनच्या नळ्या, पोलादी टोकं, मागच्या प्लॅस्टिकच्या खाचा आणि पिसं असं सगळं सुटं मागवलं. त्याचं म्हणणं, सत्तर मीटरवर जड बाण खाली लागतो, हलका वर. तेव्हा सगळे बाण एका वजनाचे पाहिजेत. बाणांचं वजन मोजतात ग्रेनमध्ये. एका ग्रॅममध्ये असे पंधरा-सोळा ग्रेन बसतात. लिमयेचा काटा एका ग्रेनचा दहावा भाग दाखवायचा.

तो काटा आमच्या किचनच्या ओट्यावर आला आणि माझं जगणं अवघड झालं. मी शेजारून गेलो तरी आकडे हलायचे. मी शिंकलो तर लिमये सगळं पहिल्यापासून मोजायचा. चहा टाकायचा तर परवानगी काढून. एका रविवारी मी दुपारी उठून बघतो तर फ्रिज बंद, दूध नासलेलं.

"फ्रिजचं व्हायब्रेशन येतं काट्यावर," तो म्हणाला.

"अरे, दोन लिटर दूध होतं."

"पनीर कर. बाणाचं काय करणार?"

०

पोलादी टोक नळीत बसवायचं तर गोंदाची कांडी गरम करून वितळवावी लागते. यात टोक तापवायचं असतं, नळी नाही. नळी तापली की बाण बाद. लिमयेने माझी सांडशी घेतली, गॅस लावला आणि एकेक टोक तापवायला बसला. घरभर जळक्या गोंदाचा वास.

आमच्या खालच्या मजल्यावर एक डच आजी राहायच्या. आमच्या फोडणीबद्दल त्यांची तक्रार कायमची. हिंग पडला की पाच मिनिटांत बेल वाजायची. त्या दिवशीही बेल वाजली. मी माफीची तयारी करूनच दार उघडलं. आजींनी नाक वर करून वास घेतला, माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आजारी आहे का? आज स्वयंपाकाचा वास येत नाहीये."

०

एवढं करून बारापैकी सहा बाण लिमयेच्या परीक्षेत पास झाले. जड नळीला हलकं टोक, हलक्या नळीला जड टोक, वर कानशीने जरा घासाघीस. सहा बाण, एक वजन, दशांशाचाही फरक नाही. शनिवारी तो ते घेऊन क्लबवर आला तेव्हा चेहरा असा, की पहिल्या बाळाला घेऊन आलाय.

सहा बाण मारले. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन खाली, एक वर, आणि एक मारीकेच्या निशाणावर.

हेंक निशाणापर्यंत चालत गेला, सगळे बाण काढून आणले, हातात तोलून बघितले. "छान आहेत," तो म्हणाला. "एकदम सारखे. आता तू दोनदा सारखा उभा राहून दाखव."

हेंकला म्हणायचं होतं, उभं राहायची पद्धत सुधार. लिमयेने ते टेस्टिंगवाल्याच्या कानांनी ऐकलं. पुढच्या शनिवारपासून सगळं सारखं. नाश्त्याला तेवढेच पोहे, तोच शर्ट, तीच टोपी, डाव्या पायात डावा मोजा आणि उजव्यात उजवा, खुणा करून. आणि एका शनिवारी नेम चांगला लागला, तेव्हापासून मोजे धुणं बंद. एक व्हेरिएबल बदललं तर टेस्ट फुकट जाते म्हणे.

क्लबवर दोन धनुर्धरांत दीड हाताचं अंतर ठेवतात. लिमयेच्या दोन्ही बाजूंना ते आपोआप वाढलं. पण खोटं कशाला सांगा, नेम सुधारत गेला.

०

जूनमध्ये लिमयेच्या आई आल्या. तीन महिन्यांच्या व्हिसावर, बॅगेत भाजणी, मेतकूट आणि चार मुलींच्या पत्रिका. काकूंनी पहिल्याच सकाळी ओट्यावर काटा पाहिला आणि मुलगा एकेक बाण ठेवून वजन मोजताना पाहिला. मग चहा गाळता गाळता मला म्हणाल्या, "मिलिंद, आमचा सोनारसुद्धा एवढं बघत नाही रे."

लिमयेने समजावलं. वजन जुळलं नाही तर बाण एका जागी लागत नाहीत वगैरे.

"कळलं," काकू म्हणाल्या. "लाकडाचे तुकडे जुळवायला तुझी ना नाही. मुलीची पत्रिका काढली की मात्र म्हणतोस, माझा विश्वास नाही."

"आई, हे कार्बन आहे."

"मग कार्बनची शोधू."

काकू दर शनिवारी क्लबवर यायला लागल्या. नऊवारी नाही, साधी पाचवारीच, पण त्यावर लिमयेचा स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज. हेंक त्यांच्यासाठी फोल्डिंगची खुर्ची आणून ठेवायचा. त्या त्याच्याशी मराठीत बोलायच्या, तो त्यांच्याशी डचमध्ये. दोघांनाही एकमेकांचं पटायचं. मोजे मात्र पहिल्याच आठवड्यात काकूंनी धुऊन वाळत टाकले. लिमये हबकला. त्या शनिवारी त्याचा नेम आणखी चांगला लागला, तेव्हा त्याने तो विषय बंद केला.

०

निवडीच्या दिवशी सकाळी लिमये अंघोळीला गेला होता. मी किचनमध्ये आलो तर काकूंनी ओट्यावर पेपर पसरून सहा बाण मांडलेले, शेजारी निरांजन.

"तुमच्याकडे शस्त्रपूजा करतात का रे दसऱ्याला?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. आमच्याकडे अशोकाने शस्त्रं खाली ठेवली म्हणून दसरा."

काकूंनी निरांजनाची वात सारखी केली. "तेही बरंच आहे," त्या म्हणाल्या. "मग तू नुसती डबी धर."

मी डबी धरली. काकूंनी हळदकुंकू ओलं करून एका बाणावर, पिसांच्या जरा अलीकडे, ठसठशीत बोट लावलं. आणि निरांजन ओवाळून बाण परत त्यांच्या नळकांड्यात घालायला लागल्या.

"एकालाच?" मी विचारलं.

"सगळे अगदी सारखे आहेत म्हणतो ना तो? मग एकाला लावलं की सगळ्यांना पोचलं."

लिमयेकडे यावर काय उत्तर असेल, ते बघायची मला उत्सुकता होती, म्हणून मी त्याला आधी काही सांगितलं नाही.

तिसऱ्या जागेसाठी लिमयेसमोर होता बार्ट. पेशाने दातांचा डॉक्टर, स्वभावाने थंड. त्याच्याकडे तीन वेगवेगळ्या सेटमधले उरलेले बाण, फक्त दिसायला सारखे. मधल्या वेळात तो चीजचं सँडविच खायचा आणि ढग बघायचा. लिमयेला त्याचा रागच यायचा.

तीन-तीन बाणांच्या फेऱ्या. लिमयेने नळकांडं उघडलं, लाल बोट पाहिलं आणि तो पांढरा पडला. काट्याशिवायही त्याला कळलं की तो बाण आता जड आहे. त्याने तो बाजूला ठेवला आणि उरलेल्या पाचांतून मारायला लागला. काकूंनी मागून दोनदा विचारलं, "अरे, तो का घेत नाहीयेस?" लिमयेने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोघं जवळजवळ बरोबरीत चालले होते. मध्ये लिमयेचा एक बाण कालव्यात गेला. मग त्याचे दोन बाण इतके जवळ लागले की एकाने दुसऱ्याची मागची खाच फोडली आणि स्वतःची पिसंही फाडून घेतली. नेम उत्तम, बाण दोन कमी. शेवटच्या फेरीला दोघांचे गुण सारखे आणि लिमयेकडे उरलेले बाण तीन. त्यातला एक कुंकवाचा.

बार्टने आपले तीन मारले. दोन चांगले, एक जरा बाहेर. लिमये रेषेवर आला तेव्हा हेंकने हात वर केला. "एका फेरीतले सगळे बाण दिसायला सारखे लागतात. नियम आहे. तो लाल डाग पूस."

लिमयेने खिशातून रुमाल काढला. मग मागे वळून आईकडे पाहिलं.

मी काकूंना नियम समजावून सांगितला. "पूस की मग," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "देवाला काही वाटत नाही. मला वाईट वाटेल, तेवढंच."

लिमये रुमाल धरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा टीममध्ये जायची वेळ, समोर नियम, मागे आई. मग त्याने रुमाल खिशात घातला आणि उरलेले दोन बाण घेऊन आईच्या खुर्चीपाशी आला.

"यांनाही लाव," तो म्हणाला. "पण तेवढंच लाव. जास्त नको."

काकूंनी पर्समधून डबी काढली, बोटावर पाण्याच्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि दोन्ही बाणांवर मोजून तेवढंच लावलं. लिमयेने तिन्ही बाण डोळ्यासमोर धरून ठिपके तपासले. हेंकनेही तपासले. "सारखे आहेत," तो गंभीरपणे म्हणाला.

तीन बाण गेले. बार्टपेक्षा लिमयेचा एक गुण जास्त झाला. बार्टने येऊन त्याच्याशी हात मिळवला आणि सँडविचचा उरलेला अर्धा भाग त्याला दिला. लिमयेने तो खाल्ला. खाताना त्याचे डोळे भरलेले होते, पण वारा होताच, त्यामुळे चालून गेलं.

०

टीमची मॅच नायमेखनच्या पलीकडे एका मैदानावर होती. आम्ही सगळे ट्रेनने गेलो, काकूंसकट. क्लबचा निळा शर्ट लिमयेने घरूनच घालून घेतला होता, वर जॅकेट घालायला तयार नव्हता.

सुरुवातीला पंच प्रत्येकाचं सामान तपासतात. चष्मा लावलेले एक शिस्तीचे गृहस्थ लिमयेपाशी आले. त्यांनी त्याचे बाण बाहेर काढले. प्रत्येक बाणावर एकाच जागी, एकाच आकाराचा लाल-पिवळा ठिपका.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"वेट मॅचिंग," लिमये म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

पंचांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि ते मारीकेकडे वळले. तिच्या बाणांवर तेच. मग हेंककडे वळले. हेंकच्या बाणांवरही तेच. पंचांनी चष्मा काढला.

"तुमचंही वेट मॅचिंग?"

"मला वजनातलं काही कळत नाही," हेंक म्हणाला. "त्या बाई तिकडे बसल्या आहेत, त्यांनी लावलंय. पुसायचं असेल तर त्यांना विचारा."

पंच खरंच काकूंच्या खुर्चीपाशी आले आणि वाकून इंग्रजीत काहीतरी विचारायला लागले. काकूंनी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग पर्स उघडली, डबी काढली आणि मला विचारलं, "हेही आपल्या टीममधले का रे?"