किशनराव, अप्पा आणि नांदेडची फायनल

आमच्या घरात नवरा-बायकोची भांडणं कधी फार झाली नाहीत, कारण यांनी सगळं भांडण अप्पांसाठी राखून ठेवलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, अप्पा म्हणजे कुणी भाऊबंद असतील, बांधावरून वाद असेल. जेवताना अप्पा, झोपताना अप्पा. "त्या दिवशी अप्पानं मला काढलं नसतं तर..." असं म्हणायचं आणि कूस बदलायची. शेवटी सासूबाईंना विचारलं, तर कळलं की अप्पा म्हणजे फुटबॉलच्या टीमचे मॅनेजर. मी कपाळावर हात मारला. मी लातूरजवळच्या मुरुडची. आम्हाला कबड्डी ठाऊक, खो-खो ठाऊक. फुटबॉलवरून माणूस असा वर्षानुवर्षं धुमसत राहतो, हे मला नवीनच होतं.

आमचे हे, म्हणजे किशनराव, उदगीरजवळच्या खेड्यातले. सटवाजीरावांचा एकुलता एक मुलगा. कोरडवाहू जमीन, तूर आणि ज्वारी. माल विकायला बापाबरोबर बैलगाडीत बसून उदगीरच्या मोंढ्यात जायचे. तिथं बसवराज अप्पांची आडत होती. हे अप्पा तरुणपणी शिकायला हैदराबादला गेले, शिक्षण अर्धं सोडून परत आले, पण फुटबॉलचं वेड पुरं घेऊन आले. आडतीमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी टीम उभी केली. हमाल, मापाडी, मुनिमाचा पोरगा, शेतकऱ्यांची पोरं. सकाळी पोती उचलायची, संध्याकाळी चेंडू खेळायचा. तुरीचा हंगाम आला की टीम बंद, गाड्या रिकाम्या झाल्या की पुन्हा चालू. अशी टीम जगात दुसरी नसेल, असं हे छाती फुगवून सांगतात. मला वाटतं, खरंच नसेल.

भांडण पहिल्या आठवड्यातच सुरू झालं. यांना अनवाणी खेळायची सवय. ढेकळातून पळणारा पाय, त्याला बूट कशाला? अप्पा म्हणाले, बूट घाल नाहीतर घरी जा. हे घरी गेले. दोन दिवसांनी बूट घालून परत आले आणि मुद्दाम इतकं वाईट खेळले की अप्पांनी चिंचेच्या झाडाखाली उभं करून सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. पुढचं भांडण जागेवरून. हे गोल करणारे, पुढं खेळणारे. अप्पांनी यांना मागं टाकलं, बॅकला. "गोल करणारे लई हायत. अडवणारा एक न्हाई," असं अप्पांचं म्हणणं. यांचं म्हणणं, अप्पाला माझं नाव झालेलं नकोय. सहा वर्षं हे चाललं. एकमेकांवाचून दोघांचं चालायचंही नाही. परगावी सामना असला की एकाच ताटातून खायचे आणि खाता खाता भांडायचे.

मग ती नांदेडची फायनल. मी ती पाहिली नाही, पण इतक्या वेळा ऐकलीय की कुठल्या बाजूला ऊन होतं तेसुद्धा सांगू शकते. त्या दिवशी यांचं अख्खं गाव टेम्पो भरून आलं होतं, आणि सासरे आयुष्यात पहिल्यांदा मुलाचा खेळ बघायला आले होते. सेमीफायनलला यांचा गुडघा दुखावला होता. हे पट्टी बांधून उतरले आणि कुणाला पुढं सरकू दिलं नाही. हाफटाइमला बरोबरी होती. पाणी पिऊन हे उठायला लागले, तर अप्पा म्हणाले, "तू बस." दुसऱ्याला उतरवलं. यांनी खूप विनवलं, शिव्या दिल्या, शेवटी अंगातली जर्सी काढून अप्पांच्या पायावर फेकली. टीम पेनल्टीवर हरली. हे उघड्या अंगानं नांदेडच्या स्टँडपर्यंत चालत गेले, आणि मागून सासरे, यांचे बूट हातात घेऊन.

त्यानंतर हे मोंढ्यात फिरकले नाहीत. खेळाच्या सर्टिफिकेटावर लातूरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली, आमचं लग्न झालं, आमची आरती जन्मली. सासरे मात्र तूर अप्पांच्याच आडतीवर घालत राहिले. हे चिडायचे. "बाप माझा, अन् माल त्याच्या दारात." सासरे एवढंच म्हणायचे, "माप चांगलं हाय त्यांचं." आणि तंबाखू मळायला लागायचे. सासरे गेले तेव्हा अप्पा खेड्यावर आले होते. लांब उभे राहिले, निघून गेले. यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आता मुद्द्यावर येते. निवृत्त झाल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी यांच्या डोक्यात भरवलं की सर, आत्मचरित्र लिहा. झालं. हे सांगणार, आरती लॅपटॉपवर उतरवणार, मी चहा करणार. मी आपली अप्पांच्या प्रकरणाची वाट बघत होते. एवढी वर्षं फुकट ऐकलं, आता छापून येणार म्हटल्यावर मजा वाटत होती. तर आरतीनं वाचून काय दाखवलं? 'आदरणीय बसवराज अप्पा यांचे मला मोलाचे मार्गदर्शन लाभले. त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करतो.' बास. पुढचं प्रकरण शाळेचं.

मी म्हटलं, "अहो, मग माझी झोप कशापायी मोडलीत एवढी वर्षं?"

"म्हातारं माणूस हाय, सिंधु. छापताना मान राखावा लागतोय."

आपल्याकडं हे असंच. लग्नपत्रिकेत बघा, ज्या मामाशी दहा वर्षं बोलणं नाही त्याचंही नाव 'आपले नम्र'मध्ये असतं. छापायचं म्हटलं की माणूस थोर होतो. आणि यांच्या मनात आणखी एक होतं, जे यांनी तोंडानं सांगितलं नाही, पण मला का कळत नव्हतं? पुस्तकाचं प्रकाशन अप्पांच्या हातून व्हावं, एवढीच यांची इच्छा होती. गोडीगुलाबीनं दोन ओळी लिहिल्या की अप्पा येतील, आणि जाण्याआधी एकदा शेजारी बसतील. अप्पांनी ऐंशी कधीच ओलांडली होती.

आम्ही दोघं उदगीरला गेलो. अप्पा ओसरीवर खुर्चीत बसले होते, अंगाची काडी झालेली, डोळे मात्र तसेच, माणूस पारखणारे. त्यांच्या सूनबाई उमाबाईंनी चहा दिला. "कोण, किशन?" अप्पा म्हणाले, जसं काही हे कालच आडतीवरून गेले होते. यांनी बॅगेतून कागद काढले आणि ती दोन ओळींची स्तुती वाचून दाखवली.

अप्पांनी ऐकलं. म्हणाले, "हे कोण हाय?"

"तुमी, अप्पा."

"मी न्हाई. कुणी तरी सत्काराचा पाहुणा दिसतोय. सहा वर्षं तू मला शिव्या घातलास, त्या कुठं गेल्या? जर्सी फेकलास, ती कुठं हाय? जित्या माणसाला हार घालून राहिलास व्हय रे?" आवाज खणखणीत होता. "मी येणार न्हाई तुझ्या प्रकाशनाला. ज्या पुस्तकात मी न्हाई, तिथं मी कशाला येऊ? चहा पी अन् जा."

परत येताना एसटीत हे लातूरपर्यंत ते कागद मांडीवर उलटसुलट करत होते. मला अप्पांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला असं बोलतात का? पण घरी आल्यावर यांनी पाणीसुद्धा न पिता आरतीला हाक मारली. "ते खोड. सगळं नव्यानं घे."

मग जे सुरू झालं ते महिनाभर. बूट आले, चिंचेचं झाड आलं, बॅकची जागा आली. 'अप्पांना मैदान म्हणजे मोंढाच वाटे. सगळा माल आपल्याच दारात यावा.' आरती हसून हसून बेजार. फायनल आली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. यांनी लिहायला सांगितलं, 'त्या दिवशी अप्पांनी भ्याडपणा केला. मी हे मरेपर्यंत म्हणणार.' आरतीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, लिही.

पुन्हा उदगीर. या वेळी अप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच टोकत होते. "त्या सामन्याला चिखल न्हवता. तू उगाच घसरलास." "चिंचेखाली मी एवढं न्हाई बोललो. बोललो असीन तर बरोबरच हाय." दोघं इतके जोरात भांडायला लागले की उमाबाई आतून पळत आल्या. मी त्यांना म्हटलं, असू द्या, चांगलं चाललंय.

मग तो शब्द आला, भ्याडपणा. अप्पांनी हात वर केला. हे थांबले.

"सटवाजीला जाऊन किती वर्षं झाली?" अप्पांनी विचारलं.

"लई वर्षं झाली."

"मग आता सांगायला हरकत न्हाई. हाफटाइमला तू पाणी पीत होतास. तुझा बाप मैदानाला वळसा घालून माझ्याकडं आला. पटका काढून हातात धरला होता. आडतीवर एवढी वर्षं आला, पण मालाच्या भावासाठीसुद्धा कधी तोंड उघडलं न्हाई त्यानं माझ्यापुढं. त्या दिवशी म्हणाला, 'अप्पा, पोराचा पाय जाईल. त्याला काढा. तुमाला अकरा हायत, मला एकच हाय.'"

यांच्या हातातले कागद मांडीवर पडले.

अप्पा म्हणाले, "गुडघ्यातलं मला काय कळतंय? मला फायनल जिंकायची होती. तुला मी मुळीच काढला नसता. पण तसं बोलल्यावर काय करतोस? वर म्हणाला, पोराला सांगू नका, त्याला खाली बघावं लागंल गावात. म्हणलं, न्हाई सांगत."

"अप्पा, मला तरी सांगायचं होतं," हे कसंबसं म्हणाले.

"सांगून काय? बापावर चिडला असतास. एका घरात ऱ्हायचं होतं तुमाला. माझ्यावर चिडलास, माझं काय बिघडलं? मॅनेजरवर चिडायचंच असतंय."

हे रडले. सासरे गेले तेव्हासुद्धा मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मला कळेना काय करावं. माझ्या डोळ्यांपुढं त्याच टीमचे गोलकीपर आले. ते त्या दिवशी दुखऱ्या पायावर शेवटपर्यंत खेळले आणि आज भिंत धरून चालतात. आणि यांनी पोरांमागं पळत नोकरी केली, आरतीला खांद्यावर बसवून औशाचा किल्ला दाखवला, सासूबाईंना शेवटच्या आजारात उचलून घेतलं. एवढी वर्षं मी रोज यांना चालताना बघत होते, आणि कधी मनात आलं नाही की याबद्दल कुणाचे तरी उपकार मानायचे आहेत. मी उठले आणि अप्पांच्या पाया पडले. म्हटलं, "अप्पा, माझं सगळं घर त्या गुडघ्यावर उभं आहे. तुमचे उपकार कसे फेडू?"

"मला कशाला? सासऱ्याच्या फोटोला सांग," अप्पा म्हणाले. पण डोक्यावर हात ठेवला.

यांनी डोळे पुसून पेन काढलं, भ्याडपणा हा शब्द खोडायला. अप्पांनी मनगट धरलं.

"खबरदार. तसंच छाप. सटवाजीचं नाव त्यात यायचं न्हाई. मी शब्द दिलाय त्याला. तूबी मला दे."

यांनी शब्द दिला. तेव्हा अप्पा म्हणाले, "आता येतो प्रकाशनाला."

उदगीरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. अप्पांना खुर्चीसकट उचलून स्टेजवर चढवलं. त्यांनी पुस्तकाची रिबन सोडली, चष्मा लावला आणि स्वतःविरुद्धची पानं स्वतःच माइकवर वाचायला घेतली. मैदान म्हणजे मोंढा, हे वाक्य तर त्यांनी दोनदा वाचलं. लोक पोट धरून हसत होते. शेवटी पुढच्या रांगेतल्या कुणी तरी विचारलं, "अप्पा, पण फायनलला सरांना खरंच का काढलं?"

मी यांच्याकडं बघितलं. यांनी खुर्चीची दांडी घट्ट धरली होती.

अप्पा म्हणाले, "लिवलंय की त्यानं. भ्यालो मी. चूक झाली माझी." आणि सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, केवढा मोठ्या मनाचा माणूस म्हणून.

मग हे आभार मानायला उठले. शाळेचे मानले, विद्यार्थ्यांचे मानले, माझे मानले, आरतीचे मानले. मग कागद खिशात घातला. "माझे वडील आणि अप्पा," म्हणाले, "या दोघांचे मी एकच आभार मानतो. वेगवेगळे मानता येत न्हाईत मला." एवढं बोलून खाली बसले. अप्पा चष्मा काढून पुसत राहिले.

माझ्या मागचा एक जण शेजारच्याला म्हणाला, "सरांचं वय झालं. बोलताना गडबडतात आता."

मला वळून त्याला चार शब्द सुनावावेसे वाटले, पण यांचा मान राखून गप्प बसले. शब्द यांनी दिला होता, मी नाही. म्हणून इथं सांगितलं. अप्पांच्या कानावर गेलं तर ते माझ्याशी भांडतील. भांडू देत, मी चहा घेऊन जाईन.