बर्फातला बांगडा

रिकामा फ्रीझर बघून माणसाचं डोकं इतकं फिरू शकतं, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

नवऱ्याला हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला. घरी सोडताना आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, आता जेवण भूमध्य समुद्राकाठच्या लोकांसारखं. मासे, कडधान्यं, भाज्या, ऑलिव्ह ऑइल; तळण बंद, भात नावापुरता. ऐकायला छान. पण ऑफिसातून जेसल पार्कला घरी पोचेपर्यंत माझ्या अंगात त्राण उरत नाही. तेव्हा छोले भिजवणार कोण, माझं भूत? म्हणून रविवार मोडून मी फ्रीझर भरायला लागले. उकडलेले छोले, राजमा, वाफवलेला पालक, मटार, टोमॅटो-लसणीचा रस्सा आणि लिंबू-लसूण चोळलेले बांगडे. सकाळी निघताना बांगडा खालच्या कप्प्यात उतरवायचा. संध्याकाळी तो ओव्हनमध्ये गेला आणि छोले-पालक ऑलिव्ह ऑइलवर परतले, की भाकरी होईपर्यंत जेवण तयार. नवरा नाक मुरडत खायचा, पण खायचा. रिपोर्ट सुधारत होते.

मग सासूबाई राहायला आल्या. खाडीकाठच्या गावातल्या, जन्मभर मासे विकलेल्या. त्यांच्या लेखी बर्फातला मासा गिऱ्हाइकानं खायचा, घरच्यांनी नाही.

त्या संध्याकाळी जिन्यातच तळणाचा वास आला. नवरा टेबलाशी बसलेला, ताटात सुरमईच्या तळलेल्या तुकड्या, नारळाचं कालवण आणि भाताचा डोंगर. मी फ्रीझर उघडला. आत फक्त बर्फाचा ट्रे.

"आई, इथलं सगळं कुठे गेलं?"

"टाकला. सगला शिला व्हता. बरफातला मावरा माज्या पोराला घालतेस? मांजरांना दिला, त्यांनी पन तोंड लावला न्हाय. मी जिती हाय अजून."

"तुम्ही आहातच हो!" मी ओरडले. "तो राहायला हवा ना!"

शेजारच्या काकूंचा टीव्ही बंद झाला. होऊ दे. नवरा घास गिळत म्हणाला, "जाऊ दे ना. एका दिवसानं काय होतंय?"

मग मात्र मी त्याच्याकडे वळले. "छातीत कळ आली तेव्हाही हेच म्हणाला होतास. डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. विसरलास?"

सासूबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला.

"कसली कळ?" त्यांनी मला विचारलं. "ह्यो तं बोल्ला, पित्त झाला. सलाईन लावून घरी आलो."

मी नवऱ्याकडे बघितलं. आईला सगळं सांगितलंय, असं त्यानं मला शपथेवर सांगितलं होतं. म्हणजे इतके दिवस ही बाई मला पोराच्या तोंडचा घास काढणारी सून समजत होती आणि हा दोघींच्या मध्ये बसून आरामात जेवत होता! संतापानं माझे कान तापले.

"तुला टेन्शन नको म्हणून, आई," तो पुटपुटला.

सासूबाईंनी गॅस बंद केला, टेबलाशी आल्या आणि त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

"आनि गेला असतास तं?" त्या म्हणाल्या. "तवा मना काय सांगितला असता? पित्तानं गेला?"