यादीवाला

दिवाळीच्या पोस्ताची यादी मी फोनवरच, याद्यांच्या अ‍ॅपमध्ये करते. दूधवाले काका, पेपरवाला, वॉचमन, कचरा नेणाऱ्या सुमनताई. यंदा नावं लिहून झाली आणि खाली एक सूचना दिसली: ‘हे अ‍ॅप मी नोकरी सांभाळून फुकट चालवतो. वापरणाऱ्यांनी थोडा हातभार लावला, तरच पुढच्या वर्षी चालू ठेवता येईल.’

कितीतरी वर्षं माझं घर या अ‍ॅपवर चाललंय. मध्यंतरी आणून झालेल्या वस्तू पुन्हा यादीत दिसायला लागल्या, तेव्हा मी अ‍ॅप चालवणाऱ्याला चांगलं खरमरीत लिहिलं होतं. त्याने दोन दिवसांत दुरुस्त केलं, वर ‘सॉरी ताई’ असंही लिहिलं.

मी यादीत शेवटी टाकलं, ‘यादीवाला’.

हे डोकावून म्हणाले, “अगं, पोस्त पगाराच्या वर देतात. याला पगार कधी दिलास?”

बोट तसंच थांबलं. दुधाची पिशवी दारात दिसते, म्हणून दूधवाले काका आठवतात. हा कधी दारात आलाच नाही.

यादीवाल्याचं नाव मी दर महिन्याला द्यायच्या पैशांच्या यादीत घातलं, दूध आणि पेपरच्या मध्ये. पोस्ताच्या यादीतलं मात्र खोडलं नाही.