माझ्या बहिणीचा बेत चुकला नव्हता

आमच्या घरात फोन नाही. खालच्या किराणा दुकानाचा शेठ हाक मारतो, मग जिना उतरून जायचं. त्या मंगळवारी त्याने हाक मारली नाही, स्वतःच वर आला. दारात चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, बदलापूर से फोन था... आप अभी निकलो." मी विचारलं, "सुली?" त्याने मान खाली घातली. मी शर्ट चढवला, बटणं वरखाली लागली, तशीच ठेवून निघालो. पोचलो तेव्हा तिला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. माझी सख्खी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आधी मी जाणार, मग ती, असं मी धरून चाललो होतो... त्याला आज सहा आठवडे झाले.

मी चौथी शिकलेला माणूस. पण हे मी स्वतः लिहिलंय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. पेपरवाले म्हणाले, आम्ही नीट करून छापू. मी म्हटलं, काना-मात्रा बघा, बाकी एक शब्द हलवायचा नाही. कारण मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी सतरा वर्षं दाबून ठेवली आहे.

वडील गेले तेव्हा सुली पाळण्यात होती. मी शाळा सोडली, आधी एका गॅरेजात लागलो आणि मोठा झाल्यावर अंबरनाथच्या फॅक्टरीत चिकटलो. तिला मी शिकवलं. हे मी मान वर करून सांगतो, सांगणारच. ती बी.ए. झाली, बी.एड. झाली, बदलापूरच्या शाळेत इतिहास शिकवायला लागली. लग्नही तिथेच झालं. वसंतराव, माझे मेहुणे, गरीब गाय माणूस. मला शिकायला मिळालं नाही त्याचं दुःख मी कधी केलं नाही, कारण माझ्याकडे फुटबॉल होता. फॅक्टरीच्या टीमचा मी स्टॉपर, आणि पंधरा वर्षं कॅप्टन. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा असतो तो, शेवटची भिंत. चाळिशी उलटली तरी मी बूट काढायला तयार नव्हतो. साहेब लोक म्हणत, आता पोरांना चान्स द्या. मी म्हणायचो, पोरांनी माझ्यापासून बॉल काढून दाखवावा, मग बघू.

मॅच रविवारी असायची. शनिवारी संध्याकाळी मी सुलीकडे जायचो. ती रेशनचे तांदूळ निवडत बसलेली असायची. त्या तांदळात खडे भरपूर, आणि मधूनमधून टरफलासकट भाताचे दाणेही यायचे. एकदा मी समोरच्या टीमबद्दल कुरकुरत होतो, की गडी सहा-सहा फुटी आहेत, अंगावर आले की आपला माणूस उडतो. ती ऐकत होती. मग तिने सुपातले तांदूळ एका बाजूला केले, मोकळ्या जागेत अकरा खडे मांडले आणि त्यांच्यासमोर भाताचे अकरा दाणे. "हे निजामाचं सैन्य," खड्यांवर बोट ठेवून म्हणाली. "तोफा जड, माणसं जड. बाजीराव त्या तोफांच्या तोंडी उभाच राहिला नाही. आज इथे, उद्या तिथे, निजामाला नुसता पळवला. तोफा मागे पडल्या, पाणी तुटलं, आणि पालखेडला निजाम गुडघ्यावर आला. दादा, हाफटाइमपर्यंत गोल मारायचं नावच काढू नका. बॉल कडेकडेने फिरवा. मे महिना आहे. पळू देत त्यांना."

मी म्हटलं, "तू उभ्या जन्मात मॅच बघितली नाहीस, तुला काय कळतं?"

"पानिपत तरी कुठे बघितलंय मी? शिकवते ना?"

आम्ही दोन गोलांनी जिंकलो, दोन्ही शेवटच्या पंधरा मिनिटांत. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. "हे डोकं आणलं कुठून कॅप्टन?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. तिथून पुढे दर शनिवारी सूप मांडलं जायचं. कधी गनिमी कावा, कधी घाट अडवायचा, कधी मुद्दाम मागे सरून शत्रूला वर ओढायचा. ती सांगायची, मी रविवारी सकाळी टीमला त्याच लढाया माझ्या भाषेत सांगायचो. फॅक्टरीत माझं नाव 'सेनापती' पडलं. खरं सेनापतीपण कुणाचं, ते मी एका माणसालाही सांगितलं नाही. आणि तिला एकदाही म्हटलं नाही, की चल ग्राउंडवर, बघ तुझी लढाई. बाया तेव्हा येत नसत हे खरं. पण मी म्हटलंही नाही, हे त्याहून खरं.

ब्याऐंशी साली आम्ही फायनलला गेलो. समोर उल्हासनगरच्या कॅम्पातली टीम. त्यांचा राइट-आउट, उजव्या कडेने चढाई करणारा, म्हणजे एक सिंधी पोरगा, काटकुळा, वाऱ्यावर पळायचा. सगळे त्याला पतंगच म्हणत. आणि तो ज्या बाजूने यायचा त्या बाजूला आमचा लेफ्ट बॅक, जांभूळ गावचा बाबू भोईर. मनाने सोनं, पायाने बेताचा.

"दादा, उद्या पुरंदर आहे," सुली म्हणाली.

"म्हणजे आपण किल्ल्यात?"

"तू पुरंदर. बाबू भोईर शेजारचा वज्रगड. मिर्झाराजे आणि दिलेरखान आधी पुरंदरावर आलेच नाहीत. धाकटा वज्रगड घेतला, त्यावर तोफा चढवल्या, की पुरंदर उघडा. हे लोकसुद्धा तुझ्याकडे येणार नाहीत. तो पतंग बाबूवर सोडतील. बाबूच्या मदतीला मधल्या फळीतला हाफ पाठव. तू गोलसमोरची जागा सोडू नको. काही झालं तरी सोडू नको."

"आणि मुरारबाजी?" मी म्हटलं. "तो काय घाबरून आत बसला? सातशे गडी घेऊन दिलेरखानावर तुटून पडला."

"मुरारबाजी शूर होता. मी वर्गात सांगते तेव्हा पोरी रडतात. पण गड गेलाच की, दादा." मग जरा थांबली. "आणि तुझे पाय..."

"काय माझे पाय?"

"चव्वेचाळीस वर्षांचे आहेत."

"तू लढाया मोज, माझे पाय मोजू नको!"

ती हसली. "बरं बाबा, नाही मोजत. पण हलू नको हां."

त्या दिवशी उल्हासनगरला लोक भिंतींवर, छपरांवर चढले होते. सगळं ती म्हणाली तसंच घडत गेलं. पतंग बाबूवर आला. तीनदा बाबूला चकवून आत घुसला, तीनदा आमचा हाफ आडवा गेला, आणि मी जागेवर होतो म्हणून त्याला बॉल द्यायला माणूस सापडेना. दहा मिनिटं उरली, शून्य-शून्य. चौथ्यांदा तो आला आणि बाबूला मागे टाकून थांबलाच. बॉलवर पाय ठेवून माझ्याकडे बघत ओरडला, "आ ना काका! घर में क्यूँ बैठा है? चला नहीं जाता क्या?"

भिंतीवरचे लोक हसले... आणि मी गेलो. मला तिचा शब्द न् शब्द आठवत होता, तरी गेलो. चव्वेचाळीस वर्षांचे पाय काय करू शकतात ते सगळ्या कॅम्पाला दाखवायचं होतं. मी पोचायच्या आत त्याने बॉल मी सोडलेल्या जागेत ढकलला. वळून बघितलं तेव्हा जाळं हलत होतं.

परत येताना टेम्पोत सगळे बूट काढून बसले होते. एक जण म्हणाला, "आज डोकं कुठे ठेवून आला होतात सेनापती?" आणि माझ्या तोंडून निघालं, "माझं डोकं कुठलं? बहिणीने सांगितलं तसं खेळलो. बाईच्या अकलेने खेळल्यावर दुसरं काय होणार?"

जिंकलो तेव्हा डोकं माझं होतं. हरलो त्या दिवशी ते तिचं झालं. आणि तिने सांगितलं तसं मी खेळलोही नव्हतो.

महिन्याभराने बदलापूरच्या बाजारात आम्ही भावंडं भाजी घेत होतो. टीममधला एक जण समोर आला, दात काढून म्हणाला, "काय बाई, पुढच्या वेळी कुठला गड घालवायचा?" सुलीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वांगी चाचपत राहिलो. तिला तेवढ्यात सगळं कळलं. ती एकच वाक्य बोलू शकत होती, की मी याला हलू नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "नाही हो, आता मी फक्त वर्गातच लढते." आणि हसली. माझी लाज तिने स्वतःच्या पदराखाली घेतली.

पुढच्या शनिवारी मी गेलो. तिने चहा दिला, सूप मांडीवर घेतलं, एकेक खडा उचलून खिडकीबाहेर टाकत राहिली. उद्या कोणाशी आहे, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पुन्हा कधीच नाही. मी आणखी दोन वर्षं खेळलो. ते खेळणं कसलं...

सतरा वर्षं आम्ही सगळं बोललो, दिवाळी-भाऊबीज काही चुकली नाही. तेवढं एक सोडून. शेवटी ती हॉस्पिटलात होती तेव्हा मी ठरवून गेलो. खाटेशेजारी बसलो. "सुले, ती पुरंदरची मॅच..." म्हटलं. तिने डोळे उघडले. "हं?" मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलणं दुसरीकडे वळवलं. "ऊन फार होतं त्या दिवशी," म्हणालो. "हो ना," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

तेराव्याला बाबू भोईर आला होता. आता कमी ऐकू येतं त्याला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "लय चांगली होती तुझी बहीण. तेवढी ती फायनल तिच्यापायी गेली... पण असूं दे, गेलेल्या माणसाचा काय काढायचा." तो माझ्या बहिणीला माफ करत होता! मी त्याच्या कानाशी ओरडलो, "तिच्यामुळे नाही रे, माझ्यामुळे! मी जागा सोडली!" पंगतीतली माणसं बघायला लागली. बाबू म्हणाला, "हां हां," आणि माझी पाठ थोपटत राहिला.

म्हणून गेल्या आठवड्यात उल्हासनगरला गेलो. तिथे पतंगचं कापडाचं दुकान आहे. पोट सुटलंय, केस गेलेत, पण मला बघून उठून उभा राहिला. "अरे कॅप्टन साईं! आओ, आओ!" मी बसलो नाही. विचारलं, मी त्या दिवशी बाहेर आलो नसतो तर?

तो हसला. "तो मैं क्या करता, काका? तीन बार आया, आप हिला नहीं. मेरा दम निकल गया था. कोच बोला, बुड्ढा जब तक उधर खड़ा है, कुछ नहीं होगा, उसको चिढ़ाके बाहर निकालो. आपको उधर खड़ा किसने किया था? बहुत दिमाग था उसका."

"मेरी बहन ने," मी म्हणालो.

दुकानातून उतरलो तो मला तिथे उभं राहवेना. सतरा वर्षांनी साक्ष मिळाली होती, तीही शत्रूच्या तोंडून. रिक्षात बसलो, रिक्षावाल्याने विचारलं, "किधर?" मी म्हटलं, "बदलापूर." अंबरनाथ मागे पडलं, पुलाशी आलो, आणि तेव्हा लक्षात आलं की सांगायला तिथे कुणी नाही. रिक्षा थांबवली नाही. गेलो.

वसंतरावांनी दार उघडलं. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावरची भांडी तिने लावली होती तशीच. मी त्या घरात शिरलो आणि काही बोलायला गेलो, की ती मान वर न करता म्हणायची, "आधी बस, मग बोल." तिने म्हटल्याशिवाय मी तिथे कधी बसलो नाही. वसंतराव मागून म्हणाले, "दादा, बसा ना." ते दोनदा म्हणाले. मी ओट्याला हात टेकवून उभाच राहिलो, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मग ते चहा ठेवायला पुढे झाले, म्हणून जरा बाजूला सरकलो.