बाहुलीच्या गालावरचा अंगठा

ऑगस्टमध्ये बंद गाडीत काय ठेवू नये, याची यादी आमच्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर मीच लावली आहे. लायटर, परफ्यूम, पॉवर बँक... त्यात बाहुल्या करायची क्ले नव्हती. त्यामुळे लेकीने तीन आठवडे वाट पाहून मागवलेली पाच रंगांची क्ले मी मागच्या सीटवर विसरलो, आणि संध्याकाळी सीट कव्हर खरवडून एक जांभळट गोळा घरी घेऊन आलो. "सगळे रंग आहेत यात," असंही म्हणालो. कोणी हसलं नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्यावर जो आळ आला त्याचं मूळ इथे आहे.

मी इथे आखातात, हमद पोर्टकडच्या एका वेअरहाउसमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. पंधरा वर्षं अपघातांचे रिपोर्ट लिहितोय. "साहेब, आपोआप पडलं" असं कोणी म्हटलं की माझा प्रश्न ठरलेला – तेव्हा तिथे कोण उभं होतं? माझा मेव्हणा भुतांच्या गोष्टी रंगवायचा, त्यालाही मी हेच विचारायचो. हल्ली तो फक्त बहिणीलाच फोन करतो.

तर आमची सई. बारावीला. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिला भारतातल्या एका डिझाइन कॉलेजात जायचंय आणि त्यासाठी स्वतः केलेली फिल्म पाठवायची होती. स्टॉप-मोशन. म्हणजे बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची, परत फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. मला वाटलं होतं, बाहुली आणि कॅमेरा असला की झालं. यादी आली ती दोन पानी. सांगाड्याला अॅल्युमिनियमची तार, ग्लू गन, पाय टेबलाला घट्ट बसवायला स्क्रू, ट्रायपॉड, दोन एलईडी दिवे, काळे पडदे, लाकडी कोरण्या, बेबी ऑइल, पातळ रबरी हातमोजे. हातमोजे कशाला? तर क्लेवर बोटांचे ठसे उमटतात, आणि मोठ्या स्क्रीनवर ते बाहुलीच्या गालावर किड्यांसारखे वळवळताना दिसतात.

आम्ही शहरातल्या अल सद्द भागात राहतो. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक बिनखिडकीची छोटी खोली आहे, कामवालीसाठी बांधलेली. आमच्याकडे राहणारी बाई कधी नव्हतीच, तिथे सुटकेसेस आणि तांदळाची पोती असायची. ती रिकामी करून सईने स्टुडिओ थाटला आणि मैत्रिणीकडून मागून आणलेल्या क्लेची बाहुली केली.

फिल्म साधी होती. सात-आठ वर्षांची मुलगी एकटी आरशासमोर बसलीय, शाळेची तयारी करतेय. शेवटचा शॉट बारा सेकंदांचा – ती मान वर करून आरशात बघते. एकशे चव्वेचाळीस फोटो, मध्ये काही हललं तर पहिल्यापासून. रविवारी फिल्म पाठवायची शेवटची तारीख. हातात शुक्रवार आणि शनिवार.

शुक्रवारी सकाळी मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो, तेवढ्यात सई दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, डिड यू टच हर?"

बाहुलीच्या डाव्या गालावर अंगठ्याचा ठसा होता. उजव्या गालावर एका बोटाचा. डोकं जेमतेम लिंबाएवढं, त्यामुळे दोन्ही चांगलेच ठसठशीत. मी नाही म्हटलं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. सीट कव्हरनंतर माझ्या शब्दाला घरात काय किंमत राहिली होती ते मला त्या नजरेत दिसलं.

तिने ठसे ऑइलने पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जेवून परत आली तर पुन्हा ठसे, अगदी त्याच जागी. पस्तीस फोटो वाया. या वेळी तिने खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात. मुलगी ओरडली असती तर परवडलं असतं.

मग माझ्यातला सेफ्टी ऑफिसर जागा झाला. त्या जांभळट गोळ्याचे तीन तुकडे केले आणि माझा, बायकोचा, सईचा अंगठा उमटवून घेतला. भिंग लावून पाहिलं. बाहुलीच्या गालावरच्या अंगठ्यावर एक सरळ आडवी रेघ होती, जुन्या कापल्याची असते तशी. आमच्या तिघांपैकी कोणालाच ती नाही. सई म्हणाली, "देन हू?" मी उद्या दिवसभर खोलीत साक्षीला बसतो म्हणालो. तिने एका अटीवर होकार दिला – हात खिशात.

शनिवारी सकाळी दहा. दार बंद, काळे पडदे, दोन दिवे. बाहुलीचा फ्रॉक वाऱ्याने हलतो म्हणून एसीही बंद. मी पालथ्या बादलीवर, हात खिशात, घामाने निथळतोय. सई बाहुलीला हलवते, मागे सरते, क्लिक. हलवते, मागे सरते, क्लिक.

पन्नासच्या पुढे तिचा चेहरा उतरायला लागला. लॅपटॉपवर आधीचा फोटो पुसट दिसतो, त्यावरून तिला कळलं की डोक्याच्या वजनाने मानेची तार वाकतेय. मुलगी मान वर करायची सोडून खाली घालत होती. नवी तार घालायची तर मान उघडायला हवी, म्हणजे शॉट गेला. आणि परत करायला वेळ नव्हता. साठावा फोटो काढून ती नुसतीच उभी राहिली. डोळे भरलेले, पण हातमोजे घातलेले, त्यामुळे पुसताही येईनात.

आणि तेव्हा मी पाहिलं.

टेबलापासून आम्ही दोघंही हातभर लांब होतो. बाहुलीचा डावा गाल हळूहळू आत गेला. कणकेच्या गोळ्यात अंगठा रुतावा तसा, घाई न करता. मग उजवा. मग मान वर आली... अलगद, दोन-तीन मिलिमीटर, आणि सरळ होऊन थांबली.

मी सईचं मनगट धरलं आणि बाहेर चल म्हणालो. तिने मनगट सोडवून घेतलं.

"नको ना बाबा," ती कुजबुजली – मराठीत. "तिला धरलंय कोणीतरी. थांबले तर शॉट जाईल."

उरलेले सगळे फोटो तिने तसेच काढले, ठसे न पुसता. मान एकदाही खाली आली नाही. मी बादलीवरून उठलो नाही. धीट होतो म्हणून नव्हे, तिला एकटीला सोडवत नव्हतं. बाहेर आल्यावर सई मला एवढंच म्हणाली, "सॉरी, मला तूच वाटलास."

रविवारी फिल्म गेली. महिन्याभराने इंटरव्ह्यूचा कॉलही आला.

वृषालीने, म्हणजे बायकोने, फिल्म पाहिली तेव्हा आम्ही तिला शनिवारचं काहीच सांगितलं नव्हतं. शेवटचा शॉट तिने दोनदा लावायला सांगितला. मग सईला समोर बसवून डाव्या हाताने तिची हनुवटी धरली. अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्यावर.

"भांग पाडताना असंच धरतात," ती म्हणाली. "उजव्या हातात कंगवा असतो."

मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं, त्या खोलीत आधी कोण राहायचं. आमच्या आधी या फ्लॅटमध्ये दोन लहान मुली असलेलं कुटुंब होतं. त्यांची आया त्या छोट्या खोलीत सहा वर्षं राहिली. स्वतःची मुलगी आईकडे ठेवून आली होती. मग घरी परत गेली. मी चाचरत विचारलं, आहे ना ती? तो म्हणाला, मजेत आहे, ईदला मेसेज आला होता. म्हणजे भूत म्हणायचीही सोय नाही. बाई जिवंत आहे, हजारो मैलांवर आहे. हाताला कापल्याची खूण होती का, हे मात्र त्याला आठवेना.

सवयीने मी या सगळ्याचा एक रिपोर्ट लिहिला. वेळ, जागा, हजर व्यक्ती, सगळं भरलं. 'कारण' हा रकाना अजून कोरा आहे आणि तो भरला जाईल असं मला वाटत नाही.

वॉचमनचं बोलणं मी वृषालीला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिने पुरी केली.

"सहा वर्षांत तिची मुलगी मोठी झाली असेल हो," मग ती म्हणाली. "आता हनुवटीला हात लावू देत नसेल."