रणगाड्यावरची काळी माती

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरातलं जे जे हलतं ते बाहेर काढायचं, झटकायचं आणि धुवून उन्हात घालायचं. गोधड्या, डबे, फळीवरची पातेली, काही म्हणून सोडायचं नाही. बायको गेल्यापासून या कामाला अक्का, माझी मोठी बहीण, जवळा बाजारहून हिंगोलीला येते. मी नको म्हटलं तरी येते. यंदाही आली, पदर खोचला आणि मला दूध आणायला पिटाळलं.

परत येऊन गच्चीवर गेलो, तर सुपात माझा रणगाडा वाळत घातलेला!

आता हा रणगाडा काय, ते सांगायला पाहिजे, नाही तर वाचणाऱ्याला वाटायचं म्हातारं चळलं. मी एसटीच्या आगारात पेंटर होतो. बसच्या पाट्या रंगवण्यात उमर गेली. रिटायर झाल्यावर हात गप बसेनात, म्हणून जुन्या लढाऊ विमानांची आणि रणगाड्यांची प्लास्टिकची किट मागवायला लागलो. खोक्यात बारीक बारीक भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. गल्लीतले लोक त्याला खेळणी म्हणतात. म्हणोत बापडे.

सुपातला रणगाडा सेंच्युरियन होता, पासष्टच्या लढाईत आपल्या फौजेकडं होता तो, वीतभर लांबीचा. आम्हा दोघा नवरा-बायकोच्या हातचा तो शेवटचा. हो, दोघांच्या. तिला आधी या कामाचा भारी राग. "अवो, घरभर वास सुटलाय, काहून करून राहिलेत हे उद्योग?" असं म्हणायची. पण एका हातानं जमेना की मी हाक मारायचो आणि ती कणकेचे हात धुवून यायची, समोर बसायची आणि मी सांगीन तिथं धरायची. मी श्वास रोखून चिकटवायचो आणि ती नेमकी तेव्हाच भाजीला काय करू म्हणून विचारायची.

या सेंच्युरियनचा वरचा बुरूज, ज्यातून तोफ बाहेर येते तो, तिनं असाच धरला होता. हा गोंद साधा नसतो, प्लास्टिक विरघळवून जोडतो. तो ओघळला तिच्या अंगठ्याखाली, आणि अंगठा उचलल्यावर बुरुजावर ठसा उमटला.

"अगं, काय केलंस! खड्डा पडला ना!"

"मंग लावा की तिथं चिखल. लढाईत चिखल उडत न्हाई व्हय?"

हसावं का रडावं, कळेना मला. पण तिचं बराबर होतं. लढाईतला रणगाडा काय कोरा करकरीत असतो? अक्काच्या शेतातली काळी माती होतीच घरात. तिनं ती लुगड्याच्या तुकड्यातून गाळली, मैद्यासारखी मऊ केली. डिंकाच्या पाण्यात कालवून आम्ही ती पट्ट्यांना, चाकांना, पार बुरुजापर्यंत लावली. ठशावर तिनं स्वतः लावली, बोटानं थापटून. मग मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "लढाई झाली पंजाबात, अन् माती जवळा बाजारची!" त्यावर वार्निश मी मारलं नाही. वार्निशनं माती ओली दिसते आणि तिला ती सुकलेलीच आवडली होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली आणि पावसाळा काही तिनं पाहिला नाही. तेव्हापासून मी एकही खोका उघडलेला नाही. विमानाचं एक किट तसंच पडलंय. पंख धरायला चिमटे मिळतात, रबर लावता येतं, पण समोर कुणीच नसताना ते काम करवत नाही. घर खायला उठतं. फळीवरच्या सेंच्युरियनला मी फडकंसुद्धा लागू देत नव्हतो. तिच्या हातानं लावलेली माती होती ती, दुसरी कुठून आणणार?

आणि अक्कानं ती धुऊन टाकली होती. धुण्याची पावडर घालून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं, पार चाकांच्या सांदीकोपऱ्यातून! मी ओरडलो, "तिच्या हातची माती होती ती, तुझ्याच शेतातली!" आणखी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अक्कानं वर येऊन सूप उचललं.

"मला काय ठावं रे बाबा," ती म्हणाली. "चिखलानं माखलं होतं. म्हटलं, ती गेल्यापासून कुणी हात लावला न्हाई. ती असती तर तिनं असं ठेवलं असतं का?"

खाली येऊन बसलो. अक्कानं स्वयंपाक केला, दोघं जेवलो आणि ती दुपारच्या बसनं गेली. जाताना डोळे पुसत होती. तिचं कुठं चुकलं होतं? आमच्याकडची कुठलीही बाई दसरा काढताना हेच करील.

चार-दोन दिवसांनी एक जीपवाला दारात येऊन अर्धं पोतं टाकून गेला. आत काळी माती. अक्कानं पाठवली होती. वीतभर रणगाड्याला अर्धं पोतं! कितीतरी दिवसांनी मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग मूठभर माती घेतली, गाळली, डिंक कालवला आणि सेंच्युरियन घेऊन खिडकीपाशी बसलो. म्हटलं, पहिल्यासारखा करू, जमेल तसा.

ब्रश बुडवून बुरूज उजेडाकडं फिरवला, आणि तिथं अंगठा होता. रेघ न् रेघ दिसत होती. माती पुन्हा कशी मिळेल याच घोरात होतो मी, आणि त्या मातीखाली काय झाकलंय हे साफ विसरलो होतो. माझा अंगठा त्यावर ठेवून बघितला. माझा मोठा पडला, कडांसकट तिचा ठसा झाकून गेला. उचलला तर परत दिसला.

फोन वाजला तेव्हा भानावर आलो. अक्का होती, घाबरत घाबरत विचारत होती.

"मिळाली का रे माती? पुरंल ना?"

"पुरंल, अक्का."

"मंग लावलीस का?"

वाटीतली माती सुकून तिला वर भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, "चाकांना लावतो. वर न्हाई लावत."

"काहून रे?"

"तू ये," म्हटलं, "आल्यावर दाखवतो."